टोपीच्या पिस्तुलाची कुळकथा

नांदेडच्या तख्त हजूर साहिबात गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे जपली आहेत. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाला ती गोदावरीच्या पाण्याने धुतली जातात. त्यांत एक तोड्याची बंदूक आहे. टोपीच्या पिस्तुलाचे कूळ शोधताना मी तिच्यापासूनच सुरुवात करीन. दोन्हींची नळी एकाच जातीची आहे: तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, मग गजाने ठासायचे. पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेली ती आग देण्याची तऱ्हा.

तोडा म्हणजे जळती वात. पावसात ती विझे, अंधारात लांबून दिसे. मग चकमक आली. घोडा म्हणजे कळ दाबताच आपटणारा खटका. त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर घासली की ठिणगी रंजकेत, म्हणजे नळीच्या कानाशी ठेवलेल्या दारूत, पडे. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी आणि त्याचे कवायती पायदळ याच काळातले.

पण रंजक आधी भडके आणि बार क्षणभराने होई. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा धर्मोपदेशक अलेक्झांडर फोरसाइथ शिकारीचा शौकीन होता. तो भडका पाहूनच पाखरे उडून जातात, हे त्याला सलत होते. आघाताने पेटणारी स्फोटक भुकटी वापरून त्याने नवे कळयंत्र केले आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे त्या भुकटीची इवलीशी तांब्याची टोपी झाली. नळीच्या बुडाशी पोकळ निपल, त्यावर टोपी, टोपीवर घोड्याचा आघात. पावसातही बार होऊ लागला.

या कुळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की टोपी बऱ्याच ठिकाणी जुन्या हत्याराची दुरुस्ती म्हणून आली. चकमकीचे भाग काढायचे, निपल बसवायचे, घोडा बदलायचा. नळी आणि दस्ता तेच. इंग्रजांनीही आपल्या जुन्या बंदुका अशाच बदलायला घेतल्या होत्या. ते काम चालू असतानाच १८४१ मध्ये लंडनच्या टॉवरला आग लागली, तेव्हा तिथला प्रचंड शस्त्रसाठा जळाला. १८५७ च्या उठावाचे निमित्त ठरलेली एनफील्ड रायफलही ठासणीची आणि टोपीचीच.

मराठवाड्यात ठासणीची बंदूक फार काळ टिकली. १९४८ च्या हैदराबादवरील पोलीस कारवाईच्या वेळी निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांपैकी सुमारे चौथाई लोकांकडेच आधुनिक हत्यारे होती, असे सांगितले जाते. बाकीच्यांची भिस्त ठासणीच्या बंदुकांवर आणि तलवारींवर.

टोपीचे पिस्तूल दुरुस्तीला आले, की जाणता कारागीर आधी ते भरलेले आहे का, हे पाहतो. गज नळीत बुडापर्यंत घालून खूण करायची आणि तेवढीच लांबी नळीबाहेर लावून पाहायची. गज आत कमी गेला, तर तळाशी जुना बार बसलेला आहे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. मग घोडा: त्याला अर्ध्यावर अडवून धरणारी खाच झिजली असेल, तर नुसत्या धक्क्यानेही बार होतो. घोड्याची कमान मऊ पडली, तर टोपी फुटत नाही. निपलचे भोक गंजून मोठे झाले, तर मागे येणारा दाब घोडाच उलटा फेकतो. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुवून, कोरडी करून तेल लावावे लागते, कारण दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते. टोपी चढवायची ती भरण्यात सर्वांत शेवटी. हा क्रम मोडून हात गमावलेली माणसे जगभर झाली.

जुन्या वाड्यात असे पिस्तूल सापडले, तर एक लक्षात ठेवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुन्या हत्यारांना सूट आहे, पण जे दुरुस्त करूनही चालणार नाही, अशाच हत्याराला. तुमचे पिस्तूल दुरुस्तीने बार काढू शकत असेल, तर ते शस्त्र आहे आणि परवाना लागतो. दुरुस्ती करणाऱ्यालाही लागतो. म्हणून ते गावातल्या लोहाराकडे नेऊ नका, घरी घोडा ओढून पाहू नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा.