शनिवार तेली आणि त्यांचे गोरे-काळे

ज्यू म्हटलं की आपल्या पोरांना दोनच गोष्टी आठवतात. एक, हिटलरनं साठ लाख मारले. दोन, इस्राएल-पॅलेस्टाइनची लढाई. मधली दोन-तीन हजार वर्षं कोरी. आणि हेच ज्यू आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घाणा फिरवत, मराठी बोलत जगले, हे तर कुणाच्या गावीही नसतं. दोस्तांनो, जातीचा अभ्यास करायचा तर ह्या माणसांकडं बघितलंच पाहिजे.

आधी धर्म. ज्यूंचा देव एक, त्याला मूर्ती नाही. मोशेची पाच पुस्तकं, म्हणजे तोरा, हा मूळ ग्रंथ. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू, तो शनिवारी रात्रीपर्यंत. त्या दिवशी काम बंद. मालकाचंच नव्हे, चाकराचं, गुलामाचं, बैलाचंसुद्धा. मुलाची आठव्या दिवशी सुंता. डुक्कर वर्ज्य, खवले आणि पर नसलेला मासाही वर्ज्य.

पण ह्या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट पेसाह सणाची. त्या रात्री घरातल्या लहान पोरानं प्रश्न विचारायचा आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं, की आपण इजिप्तमध्ये फारोचे गुलाम होतो. बिनखमिराची भाकरी आणि कडू पाला खाऊन ती गुलामी जिभेवर आणायची. इथं जो तो आपलं कूळ सूर्याला नाहीतर चंद्राला चिकटवतो. ही माणसं मात्र दर वर्षी पोरांना सांगतात की आपण गुलामांची लेकरं. गुलामी विसरायची नाही, म्हणजे सुटकाही विसरली जात नाही.

एक योगायोग ध्यानात ठेवा. १८७३ साली जोतिबांची ‘गुलामगिरी’ निघाली. आणि १८७४ साली पुण्यातच पेसाहच्या विधीचं पुस्तक, हग्गादा, हिब्रूबरोबर मराठीत छापलं गेलं. त्यातल्या चित्रांतल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत.

आता कळीचा सवाल. ज्यू हा धर्म की जात? परंपरा सांगते, ज्यूची आई ज्यू, म्हणून तो ज्यू. बाहेरच्याला धर्म घेता येतो, पण वाट अवघड. देव न मानणाराही ज्यू असतो. म्हणजे धर्म, वंश, इतिहास ह्यांचं एकच गाठोडं. इस्राएलचं सरकार हा त्यातला एक कोपरा. १९४८ साली ते राज्य उभं राहताना सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, हे सांगितलंच पाहिजे. पण म्हणून जगातल्या प्रत्येक ज्यू माणसाला त्या सरकारच्या खात्यावर लिहिणं, ही हिशेबाची लबाडी आहे.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. ज्यू त्याआधीही दूरदूर पसरले होते, नंतर आणखी पांगले. युरोपात ठिकठिकाणी त्यांना जमीन घ्यायला, कारागिरांच्या संघात शिरायला बंदी. १५१६ साली व्हेनिसनं त्यांना एका वस्तीत कोंडलं. रात्री वेशीला कुलूप. त्या वस्तीचं नाव घेटो. बाबासाहेबांनी हाच शब्द उचलला आणि अस्पृश्यांना भारताच्या घेटोची लेकरं म्हटलं. फरक एवढाच, की घेटोतल्या ज्यूच्या हातात त्याचं पुस्तक होतं. आपल्याला अक्षरच नाकारलेलं होतं.

धर्म बदलून तरी सुटका झाली का? १४४९ साली स्पेनमधल्या टोलेडो शहरानं फर्मान काढलं, की ज्यू रक्ताच्या ख्रिस्त्यांना अधिकाराच्या जागा नाहीत. बाप्तिस्मा घेतला, चर्चमध्ये गेले, तरी रक्त मोजलं गेलं. ज्यांनी धर्म सोडला नाही त्यांना १४९२ साली देशातूनच हाकललं. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यात नाझींनी आजी-आजोबा मोजले. धर्मांतरानं माणूस बदलतो. मोजणारा बदलत नाही, त्याला बदलावं लागतं.

आता कोकणात या. बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं. सात पुरुष, सात बायका वाचल्या. हे कधी घडलं ह्यावर विद्वान भांडतात. पण कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांत ही माणसं तेल गाळायची हे पक्कं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. गावावरून आडनावं पडली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. हिब्रू जवळजवळ विसरले, पण शब्बाथ, सुंता आणि शमा ही प्रार्थना धरून राहिले. एलिया पैगंबराला नवस बोलायचा आणि मलिदा करायचा, ही रीत त्यांनी इथंच घडवली. कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्यालाही मशीदच म्हणायचे.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढं कडू पाला.

ह्या छोट्या समाजात दोन थर होते. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. बाहेरच्या बायकांपासून झालेली संतती ती काळी. गोऱ्यांचा त्यांच्याशी ना रोटीव्यवहार, ना बेटीव्यवहार. आईवरून ओळख ठरवण्याचा नियम त्यांच्या धर्माचा. पण ताट वेगळं मांडण्याची रीत इथली. मनू न मानणाऱ्याच्या घरातही मनू चुलीपर्यंत पोचतो तो असा.

पुढं मुंबईत बगदादी ज्यू आले, ससूनसारखे धनिक. त्यांना हे मराठी ज्यू पुरते ज्यू वाटेनात. १८३६ साली त्यांनी दफनभूमीत मधे आडोसा मागितला. मेल्यावरही शेजार नको! कोचीनला तेच. १५६८ साली बांधलेल्या परदेशी सिनेगॉगमध्ये, मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना बरोबरीची जागा नव्हती. त्यांच्यातलेच वकील अब्राहम बराक सालेम (१८८२–१९६७) सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा कुठं एकेक बंदी सैल झाली. म्हणजे आपण काळारामाच्या दाराशी उभे होतो, तशी ज्यूंच्या देवघरातही दारं होती.

शेवटचा अंक इस्राएलमधला. १९४८ नंतर बेने इस्राएल तिकडं गेले. काळे म्हणून हिणवले गेले. काहींनी धरणं धरलं, १९५२ साली काहीजण भारतात परतले. १९६२ मध्ये धर्मगुरूंनी हुकूम काढला, की बेने इस्राएलांचं इतर ज्यूंशी लग्न लावताना आईकडच्या पिढ्या तपासा. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं झालं. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेला ठराव करावा लागला, की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. मग हुकमातून त्यांचं नाव गाळलं गेलं. लढून मिळवलेला हक्क आहे तो.

पण नीट बघा. कोकणात ज्या समाजानं काळ्यांची आई विचारली, त्याच समाजाची आई जेरुसलेममध्ये विचारली गेली. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी लागतो, म्हणून वरचा ढळत नाही.

तेव्हा अभ्यासवर्गात ज्यूंचा इतिहास वाचून झाला, की एक प्रश्न फळ्यावर लिहा. १९५६ साली आपण दीक्षा घेतली. मग सोयरीक जुळवताना ‘तुम्ही सोमवंशी की लाडवण की बावणे’ हे अजून कोण विचारतंय? आणि मांगाच्या घरची पोरगी सून म्हणून आणायला आपल्यातले किती जण तयार आहेत? उत्तर दुसऱ्यानं द्यायचं नाही. ज्यानं त्यानं उठून द्यायचं.