वन्य प्राण्यांमधील रंगद्रव्यहीनता

वन्य प्राण्यांमधील रंगद्रव्यहीनता म्हणजे त्वचा, केस किंवा पिसे यांतील मेलॅनिन हे रंगद्रव्य पूर्णतः वा अंशतः नसणे. विवर्णता, म्हणजेच अल्बिनिझम, आणि ल्युसिझम हे तिचे प्रमुख प्रकार होत. पांढरा कावळा दिसला की तो सर्रास ‘अल्बिनो’ ठरविला जातो. भारतीय पक्ष्यांच्या अशा नोंदींचा आढावा अनिल महाबळ, हाइन फान ग्राउव व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘डच बर्डिंग’ या नियतकालिकात घेतला. त्यात अल्बिनो म्हणून नोंदलेले अनेक पक्षी प्रत्यक्षात अन्य प्रकारांचे असल्याचे दिसून आले.

कारणे

विवर्णतेत रंगपेशी असतात, परंतु टायरोसिनेज या विकराच्या अभावी मेलॅनिन तयार होत नाही. त्यामुळे डोळे गुलाबी दिसतात व दृष्टी अधू असते. असे पक्षी घरट्याबाहेर फार काळ तग धरत नाहीत. ल्युसिझममध्ये भ्रूणावस्थेत रंगपेशीच त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत. दृष्टिपटलातील रंगपेशींचा उगम निराळा असल्याने डोळे मात्र गडदच राहतात. प्रौढ पांढऱ्या पक्ष्याचे डोळे काळे असतील, तर तो अल्बिनो नव्हे.

याहून अधिक आढळणारा प्रकार म्हणजे वाढत्या वयाबरोबर पिसे क्रमशः पांढरी होणे. ‘तपकिरी’ उत्परिवर्तनात मेलॅनिन अपुरे पक्व होते आणि उन्हाने पिसे इतकी फिकी पडतात, की पक्षी पांढुरका भासतो. मेलॅनिनखेरीज इतर रंगद्रव्ये शाबूत राहिल्यास पोपट पांढरा न होता पिवळा दिसतो.

सोलापूर जिल्ह्यात

जिल्ह्यातील प्रत्येक पांढरा वा फिका पक्षी या सदरात मोडत नाही. उजनी जलाशयावरील रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग आहारातील कॅरोटिनॉइडांमुळे येतो. त्यांची पिल्ले करडी असतात. स्वर्गीय नर्तकाचा प्रौढ नरही निसर्गतःच पांढरा असतो.

उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य स्थापन झाले. या माळरानावरील काळवीट, लांडगे व जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे रंग मातीशी व वाळल्या गवताशी मिळतेजुळते असतात. अशा उघड्या भूप्रदेशात पांढरे पाडस किंवा पिल्लू भक्षकाच्या नजरेत सहज भरू शकते. मेलॅनिनमुळे पिसांना बळकटीही मिळते; ते नसल्यास पिसे लवकर झिजतात.

पालनातील धोका

दुर्मीळतेच्या आकर्षणामुळे असे प्राणी पकडून जोपासले जातात. १९५१ मध्ये पूर्वीच्या रीवा संस्थानाच्या प्रदेशात पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाचा त्याच्याच कन्येशी, राधाशी, संकर घडविण्यात आला व १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. पुढील पिढ्यांतील निकट प्रजननाने पांढऱ्या वाघांत दोष दिसू लागले. हे वाघही अल्बिनो नाहीत. त्यांचे पट्टे गडद व डोळे निळे असतात.