गंजीफ्रॉकचं कूळ

गंजीफ्रॉक हा जोडशब्द आहे आणि त्याचे दोन्ही तुकडे समुद्रावरून आलेले आहेत. ‘गंजी’ म्हणजे गर्न्सी, इंग्लिश खाडीतलं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं एक लहान बेट. ‘फ्रॉक’ म्हणजे आज मुली घालतात तो नव्हे. खलाशी आणि मजूर अंगात चढवत त्या सैल डगल्याला त्या काळी इंग्रजीत फ्रॉक म्हणत. गर्न्सी बेटावर पिळदार लोकरीची इतकी घट्ट वीण घालत, की समुद्राचे शिंतोडे सहजी आत शिरत नसत. पुढची आणि मागची बाजू सारखीच असल्यामुळे अंधारात कसाही घातला तरी चाले, आणि कोपरं विरली की पुढचं मागे करून पुन्हा वापरता येई. मासेमारी करणाऱ्यांचा हा कपडा ब्रिटिश खलाशांच्या अंगावर चढला आणि जहाजांबरोबर आपल्या बंदरांत उतरला. बंगालीत त्याची गेंजी झाली, हिंदी-गुजरातीत गंजी, आणि मराठीने मात्र पूर्ण नाव ठेवून घेतलं: गंजीफ्रॉक.

आता वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरात भर उन्हात राबणाऱ्या माणसाला लोकरीचा काय उपयोग? लोकर गेली, सूत आलं. बाह्या आखूड झाल्या, पुढे पार नाहीशा झाल्या. तरीही नाव का टिकलं? माझ्या मते त्याचं उत्तर विणीत आहे. धोतर, पंचा, सदऱ्याचं कापड हे सगळं मागावरचं, उभ्या-आडव्या धाग्यांचं. ते ताणत नाही. गंजीफ्रॉक धाग्याच्या फाशांत फासे अडकवून विणलेला. ताणला तर ताणतो, अंगाला बसतो, घाम टिपतो. ही वीण इथल्या अंगांना नवी होती म्हणून तिला नवं नाव लागलं, आणि वीण राहिली तोवर नावही राहिलं. कपड्यांच्या शब्दांचा हाच नियम मला जागोजाग दिसतो: शब्द कपड्याच्या एखाद्याच गुणाला धरून राहतो, बाकीचं सगळं त्या त्या गावची हवा आणि कामधंदा ठरवतो.

गंजीफ्रॉकला आता घरोघर बनियन म्हणतात. बनियन या शब्दाचा प्रवास बरोबर उलटा आहे. मूळ शब्द गुजरातेतला वाणियो, म्हणजे वाणी, व्यापारी. परदेशी व्यापाऱ्यांनी त्याचं बनियन केलं. पुढे हिंदुस्थानी पद्धतीच्या सैल अंगरख्यालाही इंग्रज तेच नाव देऊ लागले आणि अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले श्रीमंत पुरुष घरात ‘बन्यन’ घालून बसू लागले. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश निघाला, तोवर हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात त्याचा अर्थ आतून घालायचा कपडा असा झाला होता. एक शब्द इंग्लिश खाडीतून इथे आला, दुसरा इथून तिथे जाऊन परतला, आणि दोघे एकाच कपड्यावर येऊन भेटले.

शिरोड्याला कपड्यांच्या शब्दांची आणखी एक वाट जवळची आहे. रेडी गाव ओलांडलं की तेरेखोलचा किल्ला लागतो. सावंतवाडीकरांचा हा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ साली घेतला. १७८८ मध्ये पेडणंही त्यांच्याकडे गेलं. इकडे वेंगुर्ला १८१२ मध्ये इंग्रजांच्या हाती आलं. त्यामुळे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत या पट्ट्यात दोन युरोपी भाषांची सीमा होती. पलीकडे गोव्यात पायांत घालायचं ते कालसांव, पोर्तुगीज ‘कालसांव’वरून, अलीकडे तीच पाटलोण, इंग्रजी ‘पँटलून’वरून. पोर्तुगीज शब्द मुळात गुडघ्यापर्यंतच्या तुमानीचा, कोकणीत तो घोट्यापर्यंत पोचला.

काही शब्दांनी मात्र ही सीमा मानली नाही. ते शिंप्याच्या आणि परटाच्या कामातले होते. गुंडी आपली, पण ती जिथे अडकते ते काज पोर्तुगीज ‘काझा’वरून आलं, त्या भाषेत काझा म्हणजे घर. केसांना बांधायची फीत ‘फिता’वरून, पायांतल्या सपाता ‘सापातो’वरून, आणि परीटघडीची इस्त्रीही त्याच भाषेतून. खमीस तर दोन दारांनी आलेला: अरबी ‘कमीस’ आणि पोर्तुगीज ‘कामिझा’. दोघांचंही मूळ उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कामिसिया’कडे जातं. अरबी ‘सद्र’, म्हणजे छाती, यावरून सदरा आला आणि मालवणीने त्याला आपला ओकार लावून सदरो केलं. तसाच लेंगो, तसाच झगो.

तिसरी वाट मुंबईची. वेंगुर्ल्याच्या बंदरात बोटी लागत तेव्हापासून चाकरमान्यांच्या ट्रंकांतून गिरणगावातले कपडे गावी येत राहिले, आणि कपड्यांबरोबर नावंही. बायकांच्या कपड्यांत हे ठळक दिसतं. चोळीनंतर पोलकं आलं. बोहेमियातला पोल्का नाच १८४० च्या दशकात पॅरिस-लंडनला गाजला, त्याच्या नावाने बायकांचं एक अंगालगतचं जाकीट निघालं, आणि आपलं पोलकं त्याच नावाचं. पुढे ब्लाउज आला. इंग्लंडात ब्लाउज स्कर्टवर घालतात, आपल्याकडे त्याचा अर्थच साडीशी बांधला गेला. गाऊनचं तर सगळंच पालटलं. इंग्रजीत तो मेजवानीचा किंवा पदवीदानाचा झगा. कोकणात बाई सकाळी गाऊन घालून अंगण झाडते, पाणी भरते, वर टॉवेल घेऊन दुकानातही जाऊन येते. या घामट हवेत सुटसुटीत असा हा कपडा बायकांनी स्वतःच्या सोयीने निवडला. त्याला हसणाऱ्यांनी ती सोय समजून घ्यायला हवी.

१९२० ते १९३८ वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. त्या काळापासून गावात पुस्तकातलं इंग्रजी शिकवलं जातंय, आणि बाजारातलं इंग्रजी त्याच्या शेजारी आपल्या चालीने वाढतंय. कोणतं खरं? पुस्तकातलं एकच आहे असं समजू नये. लंडनमध्ये ‘व्हेस्ट’ म्हटलं की बनियन. न्यूयॉर्कमध्ये ‘व्हेस्ट’ म्हणजे कोटाखालचं बिनबाह्यांचं जाकीट. आपण ज्याला जाकीट म्हणतो त्याला बाह्या नसतात, पण इंग्रजांच्या ‘जॅकेट’ला असतात. अमेरिकेत ‘पँट्स’ म्हणजे आपली पँट; इंग्लंडात चड्डी. पायजमा हा फारसीतला पायांचा कपडा आपण दिवसा घालून हिंडतो, इंग्रज तो घालून झोपतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने ‘पँट्स’ म्हटलं तर तिथे ते अगदी बरोबर आहे. त्या राज्याला जर्सी बेटाचं नाव मिळालंय. ते गर्न्सीचंच शेजारी, आणि आपल्या क्रिकेटपटूंच्या अंगावरची जर्सीही त्याच बेटाची.

लंडन आणि न्यूयॉर्क यांना वेगळे अर्थ चालतात, तर तो हक्क शिरोड्यालाही आहे. गंजीफ्रॉक, पोलकं, पाटलोण यांना बिघडलेलं इंग्रजी म्हणणं अन्यायाचं आहे. हे शब्द वापरणाऱ्यांनी घडवले, पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवले, आणि म्हणून ते मराठी आहेत. आता तयार कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर जगभर सारखीच नावं छापून येतात आणि गावातली शिवणयंत्रं कमी होत चालली आहेत. शाळांनी मुलांना जुन्या शिंप्यांकडे आणि आज्यांकडे पाठवावं, कपड्याचं नाव, तो कोण घालायचं, कापड कुठून यायचं, एवढं वहीत उतरवून घ्यायला लावावं. पोशाखाचा इतिहास लिहिणाऱ्याला उद्या हीच वही लागणार आहे.