ग्वाशमधला डिंक कुठला?

थंडी पडली की महाराष्ट्रातल्या घरांत डिंकाचे लाडू होतात. किराणा दुकानात बाभळीचाही डिंक मिळतो आणि धावड्याचाही. जाणत्या बायका धावड्याचा मागून घेतात. धावडा हा सातपुड्याचा जुना रहिवासी. नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला, अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या दक्षिण काठावर मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव म्हणून बहुतेकांना ते ठाऊक असतं. त्या डोंगरांत साग, मोह, तेंदू यांच्या सोबतीने धावडाही वाढतो. साल दुखावली की त्याच्या खोडावर डिंक पाझरतो आणि वाळून पिवळसर खडे होतात. लाडवात जाणारा हाच खडा पाण्यात विरघळवायचा, त्यात गेरू आणि थोडी पांढरी माती घोटायची. जो रंग तयार होतो, त्याच्याच जातीचा रंग कलासाहित्याच्या दुकानात ‘ग्वाश’ या फ्रेंच नावाने ट्यूबमध्ये विकला जातो.

ग्वाश म्हणजे झाकणारा जलरंग. साध्या जलरंगातून कागदाचा पांढरेपणा दिसतो. ग्वाशमध्ये रंगकण जास्त असतात, बऱ्याचदा खडूसारखी पांढरी भुकटीही असते, त्यामुळे खालचं काही दिसत नाही. ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. ग्वाश वाळल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा सुटतो. या दोन्ही गुणांत डिंकाचा हात असतो. तरी ग्वाशची कुळकथा सांगणारे रंगांविषयी भरभरून बोलतात आणि डिंकाला एका ओळीत आटपतात.

युरोपातला प्रवास सर्वांना माहीत असलेला आहे. नाव इटालियन ‘ग्वात्सो’वरून आलं, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुळलं, तंत्र त्याहून जुनं. चित्रकार ड्यूररने 1502 मध्ये काढलेल्या सशाच्या चित्रात पारदर्शक रंगासोबत असा झाकणारा रंग आहे. मातीसने उतारवयात ग्वाशने रंगवलेले कागद कापून चित्रं केली. 1834 मध्ये लंडनच्या विन्सर अँड न्यूटनने जस्ताचा दाट पांढरा रंग ‘चायनीज व्हाइट’ या नावाने बाजारात आणला आणि काळ्या पडणाऱ्या शिशाच्या सफेद्याला पर्याय मिळाला.

पण ग्वाश पाहायला युरोपात जायची गरज नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची हस्तलिखित पोथी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, साधारण 1565 च्या सुमारास घडलेली. तिच्यातली चित्रं कागदावरच्या झाकणाऱ्या जलरंगांची आहेत. परदेशी संग्रहालयांनी भारतीय लघुचित्रांखाली वर्षानुवर्षं ‘कागदावर ग्वाश’ अशा पाट्या लावल्या. अलीकडे ‘अपारदर्शक जलरंग’ असं लिहिण्याकडे कल आहे. पाटी बदलण्याच्या बाजूचे लोक सांगतात की लघुचित्रकार थरावर थर देतो, चित्र पालथं घालून अकीकच्या दगडाने घोटतो. ग्वाशवाला झरझर काम उरकतो, तेव्हा दोन्ही एक कसे? पण हा फरक हाताचा आहे, वाटीतल्या रंगाचा नाही. रंगकण, पांढरी भुकटी, डिंक आणि पाणी ही सामग्री दोन्हीकडे तीच.

आणि युरोपच्या वाटीतला डिंक कुठला? ‘गम अरेबिक’ हे नाव ऐकून डोळ्यांसमोर वाळवंट येतं. झाड आफ्रिकेतलं, सुदानच्या बाजूचं. अरबी बंदरांतून तो डिंक जगात गेला म्हणून अरबी ठरला. मात्र एकोणिसाव्या शतकात त्याचा एक मोठा ओघ एडन आणि तांबड्या समुद्राच्या बंदरांतून मुंबईला येई. इथल्या वखारींमध्ये तो निवडला जाई, रंगाप्रमाणे वेगळा केला जाई आणि पुन्हा जहाजात चढून लंडनला पोचे. तिथे त्याला ‘ईस्ट इंडिया गम’ म्हणत. धावड्याचा डिंकही ‘घाटी’ या नावाने त्याच व्यापारात होता. घाट उतरून येणारा म्हणून घाटी, असं सांगतात. दोन्ही माल एकाच शहरात, कदाचित एकाच छपराखाली निवडले जात असताना एकाचे खडे दुसऱ्याच्या पोत्यात गेले नसतील, हे मुंबईचा बाजार पाहिलेल्या माणसाला पटणार नाही. लंडनच्या एखाद्या रंगाच्या वडीत सह्याद्रीचा किंवा सातपुड्याचा धावडा मिसळला होता, अशी पैज लावायला हरकत नाही. कागदोपत्री पुरावा मात्र वखारीपर्यंतच नेतो. पुढचा रस्ता अंदाजाचा.

खरं कोडं सातपुड्याकडेच आहे. मणिबेलीसमोर नर्मदा ओलांडून उत्तरेला गेलं की छोटा उदेपूरचा राठवा आदिवासींचा मुलूख लागतो. तिथे नवस फेडायला घराच्या भिंतीवर पिठोरा हे चित्र ‘लिहितात’. देवाचे घोडे रांगेने उभे राहतात. भोवतालच्या जंगलात धावडा असताना राठवा आपले रंग डिंकात कालवत नाहीत. दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. उलट पालघरच्या बाजूला वारली बायका लग्नाच्या चौकासाठी तांदळाच्या पिठात डिंक घालतात. एकाने डिंक घेतला आणि दुसऱ्याने सोडला, हे का?

एक उत्तर रसायनाचं आहे. दुधातलं केसीन वाळलं की पाण्याने सहजासहजी सुटत नाही, डिंक सुटतो. पावसाळ्याच्या दमट भिंतीवर घोडे टिकवायचे तर दूध बरं. उत्तर नेटकं आहे, पण वारली भिंतही कोकणातल्या पावसातच उभी असते. दुसरं उत्तर बाजाराचं: डिंक विकून रोख पैसा येतो, तो भिंतीला कोण फासेल? यातही तथ्य आहे. पण मोहही विकला जातोच. तिसरं उत्तर सर्वांत साधं आणि सर्वांत भक्कम वाटतं. दूध आणि मोहाची दारू हा देवाचा नैवेद्य आहे. पिठोऱ्यात रंग चिकटवणं हे दुय्यम काम. देवाला जे द्यायचं तेच भिंतीला दिलं जातं. वारली चौक लग्नापुरता असतो, त्याला लग्न लागेपर्यंत टिकलं तरी पुरे, म्हणून तिथे डिंक चालतो. डिंकाच्या कसोटीवर पिठोरा ग्वाशच्या कुळात बसत नाही, वारली पांढरा रंग मात्र बिनचूक बसतो.

भिल्लांचा रंग कागदावर आला तो भोपाळमध्ये. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भुरीबाई भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना कागद, ब्रश आणि तयार रंग दिले. गावाकडे तव्याच्या काजळीचा काळा, पानांचा हिरवा, गेरूचा लाल असा एकेक रंग मिळवावा लागे. इथे पाणी घातलं की रंग तयार. भिल्ल चित्रकलेत कागदावर चित्र काढणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मराठी मुलांचा ग्वाश आणखी वेगळ्या वाटेने आला. 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला. त्याचीच पुढे कॅम्लिन कंपनी झाली. तिच्या उंटाच्या छापाच्या पोस्टर कलरच्या बाटल्या घेऊन कितीतरी पिढ्या चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसल्या. पोस्टर कलर हा ग्वाशचा स्वस्तातला चुलतभाऊ. त्या जातीच्या रंगात डिंकाऐवजी पुष्कळदा स्टार्च किंवा डेक्स्ट्रीन असतं, रंगकणही हलके. ज्याने शाळेत हे रंग वापरले त्याने ग्वाशची बाराखडी गिरवलेली असते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला महागड्या चोवीस ट्यूबच्या संचाची गरज नाही: लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब. पांढरा सर्वांत आधी संपतो.

रंग ताकाहून घट्ट आणि दह्याहून पातळ कालवावा. गडद छटा वाळल्यावर फिकटते आणि फिकट छटा किंचित गडद होते, म्हणून प्रत्येक मिश्रण आधी कागदाच्या तुकड्यावर वाळवून पाहावं. गडदावर फिकट चढवता येतं, ही ग्वाशची चैन. पण ओला ब्रश तीन-चारदा फिरवला की खालचा थर उठून वरचा रंग गढूळ करतो. एका फटक्यात लावावं आणि हात काढून घ्यावा. कागद जाड हवा, नाहीतर तो वळतो.

रंग घरी करायचा असेल तर धावड्याचे खडे पाण्यात रात्रभर भिजवावेत आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळावेत, कारण या डिंकाचा थोडा भाग विरघळत नाही, चिकट गोळा होऊन उरतो. किराणा दुकानातून आणताना खडा ओळखून घ्यावा: सातपुड्यात कांडोळाचाही डिंक निघतो, तो पाण्यात नुसता फुगतो आणि रंगाच्या कामाचा नाही. गाळलेल्या डिंकात गेरू काचेवर घोटावा, मधाचा एखादा थेंब टाकावा, म्हणजे वाळलेला थर तडकत नाही. पट्टी रंगवून वाळली की बोट घासून पाहावं. बोटाला रंग आला तर डिंक कमी पडला. पट्टी चकाकून तडकली तर जास्त झाला. डिंकाचं पाणी चार-सहा दिवसांत आंबतं, तेव्हा लागेल तेवढंच भिजवावं आणि उरलेले खडे लाडवांकडे वळवावेत.