ट्रॅव्हल ट्रेलरमधील गळती

ट्रॅव्हल ट्रेलरमधील गळती : मोटारीमागे जोडून ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरात पावसाचे किंवा आतल्या नळांचे पाणी झिरपणे, तसेच त्याचा माग काढून ते थांबवण्याचे काम. अमेरिकेत अशी वाहने बहुतांशी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते, त्यामुळे ते झिजून निकामी होण्याचा प्रश्नच नाही. जुना ट्रेलर मोडीत निघतो तो बहुधा कुजून.

याचे मूळ बांधणीत आहे. स्वस्त प्रकारात बारीक लाकडी चौकटीवर अॅल्युमिनियमचा पन्हाळी पत्रा ठोकलेला असतो. दुसऱ्या प्रकारात फायबरग्लासचा तक्ता, पातळ प्लायवूड आणि फोम एकमेकांना चिकटवून सलग भिंत केलेली असते. दोन्हींत खिडक्या, दिवे, हवाझरोके, शिडी, छत्रीचे आधार यांसाठी डझनावारी भोके पाडावी लागतात. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी चौकट पिळवटते, उन्हात पत्रा लाकडापेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि सांध्यांतले भरण वाळून भेगाळते. चिकटवलेल्या भिंतीत पाणी शिरले की प्लायवूडचे थर सुटतात आणि बाहेरचा तक्ता फुगतो. समोरून पाहता हा फुगवटा लपतो. भिंतीला डोळा लावून तिरप्या उजेडात पाहिले की दिसतो. तो दुरुस्त करण्याचा खर्च जुन्या ट्रेलरच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.

दुरुस्तीपेक्षा शोधच कष्टाचा. इमारतीच्या स्लॅबसारखेच इथेही थेंब पडतो एकीकडे आणि भोक असते दुसरीकडे. छतातून शिरलेले पाणी आडव्या पट्टीवरून उताराकडे सरकते, वायरीच्या कडेने वळते आणि दोन-तीन हात दूर कपाटात उतरते. म्हणून पहिला प्रश्न जागेचा नसून वेळेचा असतो : ओल पावसानंतर दिसते, की कोरड्या दिवशीही? कोरड्या दिवशी दिसली तर संशय नळकामावर. पाण्याची टाकी भरावी, बाहेरची जोडणी काढावी, सगळे नळ बंद करून 12 व्होल्टचा पंप चालू ठेवावा. दाब भरला की पंप थांबतो. नळ न उघडता तो मधूनच गुरगुरू लागला, तर दाब कुठेतरी उतरतो आहे. मात्र पंपातली एकमार्गी झडप सैल असली, तरी हेच लक्षण दिसते. ही झडप बिघडल्यावर बाहेरचा नळ जोडला, तर त्याचे पाणी उलटे टाकीत शिरते, टाकी ओसंडते आणि ट्रेलरखाली थारोळे साचते. एकही पाइप फुटलेला नसताना मालक गळती शोधत बसतो.

कोरड्या दिवसाचा आणखी एक फसवा पाहुणा म्हणजे छतावरचा वातानुकूलक. त्याचे पाणी छतावरच सोडलेले असते. खालची फोमची चौकट दबून सपाट झाली की ते आत येते. आतून चार बोल्ट बेताने आवळल्याने अनेकदा काम भागते, नाहीतर चौकट बदलावी लागते. थंडीत खिडकीखाली जमणारे पाणी तर गळती नसतेच. माणसांचा श्वास आणि गॅसची शेगडी यांतून निघालेली वाफ गार काचेवर निवते, इतकेच.

पावसाच्या गळतीसाठी रबरी नळीची धार पुरते, पण शिस्त हवी. हलक्या धारेने खालून वर जायचे, एका वेळी एकच सांधा भिजवायचा आणि आत कोणाला तरी बॅटरी घेऊन बसवायचे. वरून सुरुवात केली तर ओघळणारे पाणी सगळेच सांधे भिजवते आणि दोषी कळत नाही. कार्यशाळांत याच्या उलट चाल खेळतात. छताच्या झरोक्यात पंखा बसवून आत हवेचा सौम्य दाब भरतात आणि बाहेरून साबणाचे पाणी फवारतात. जिथे बुडबुडे उठतात तिथे फट. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनच्या, म्हणजे अशाच ट्रेलरच्या, वार्षिक तपासणीत ओलमापकाने भिंती चाचपण्याचा रिवाज आहे : 15 टक्क्यांपर्यंत काळजी नाही, 15 ते 20 असल्यास लक्ष ठेवायचे, 30 च्या वर गेल्यास लाकूड खराब होत असल्याचे धरायचे.

सर्वांत मोठा गुन्हेगार कोपऱ्यावरची अॅल्युमिनियमची पट्टी. तिचे स्क्रू प्लास्टिकच्या फितीने झाकलेले असतात. फीत उन्हाने आखडते आणि पाणी थेट स्क्रूंच्या डोक्यांवर साचते. वरून लांबी फासून हे थांबत नाही. पट्टी उतरवावी, जुने भरण खरवडावे, मागे नवी ब्यूटाइल टेप लावावी आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू पिळावेत. काही दिवसांनी बाहेर आलेली टेप कापून टाकावी. छतावर ईपीडीएम रबर असेल, तर झरोक्यांभोवती आपोआप पसरून सपाट होणारे सीलंट ओततात. उभ्या भिंतीवर तेच ओघळते, म्हणून तिथे न घसरणारा प्रकार लागतो. पेट्रोलियमयुक्त द्रावणाने हे रबर पुसले तर ते फुगते.

सिलिकॉनची नळी स्वस्त आणि हाताशी असते, म्हणून ती सर्रास वापरली जाते. वाळलेल्या सिलिकॉनवर मात्र नंतर काहीच धड चिकटत नाही, नवे सिलिकॉनही नाही. पुढच्या दुरुस्तीचा अर्धा वेळ ते खरवडण्यातच जातो.

ओहायोतल्या जॅक्सन सेंटर येथे बनणाऱ्या एअरस्ट्रीम ट्रेलरची गोष्ट वेगळी. वॉली बायम यांच्या कंपनीने 1936 मध्ये ‘क्लिपर’ हे रिव्हेटनी जोडलेले अॅल्युमिनियमचे मॉडेल आणले. या गोलसर, चकचकीत कवचावर रबराचे छत नसते. गळती होते ती पत्र्यांच्या सांध्यांतून आणि सैल रिव्हेटमधून. जुन्या मॉडेलांचे दुखणे मागच्या टोकाला असते. बंपरजवळच्या पट्टीमागून पाणी प्लायवूडच्या जमिनीत मुरते, तिची कड कुजते आणि कवच खालच्या पोलादी सांगाड्यापासून सुटू लागते. 1970 च्या दशकातल्या लांब मॉडेलांत हे विशेष आढळते. जाणकार गिऱ्हाईक मागच्या बंपरवर उभे राहून हलके उसळते. बंपर खाली गेला आणि कवच जागीच राहिले, तर सौद्याचा सूर बदलतो.

नळकामात हंगामाचा वाटा मोठा. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते आणि जोड, नळाची झडप किंवा शौचकूपाचा व्हॉल्व्ह तडकवते. उलगडा होतो तो वसंतात. म्हणून हिवाळ्यापूर्वी पाइप रिकामे करून त्यांत प्रोपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण भरतात. इथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत चालत नाही. बाहेरच्या शॉवरचा नळ यात हमखास विसरला जातो. 1978 ते 1995 या काळात विकल्या गेलेल्या करड्या पॉलिब्यूटिलीन पाइपांची तर ख्यातीच वाईट. क्लोरीनने ते ठिसूळ होतात. एक जोड बदलला की काही काळाने शेजारचा फुटतो. अशा ट्रेलरमध्ये सगळे पाइप काढून पेक्स प्लास्टिकचे पाइप घालणे शहाणपणाचे.

जमीन मऊ लागली, तर कुजलेला भाग पक्क्या लाकडापर्यंत कापून काढतात, खाली आडवे आधार देतात आणि नवा प्लायवूड कडांना इपॉक्सी लावून बसवतात. हे काम गळती थांबल्यानंतरच. भिंत उघडी ठेवून दोन-तीन पाऊस जाऊ द्यावेत किंवा पुन्हा नळी मारून पाहावे, ओलमापकाचा आकडा उतरू द्यावा आणि मगच आतले तक्ते परत ठोकावेत.