खपली गहूं आणि तांबेरा

पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीपासून पूर्वेकडील उघड्या मैदानापर्यंत पसरलेले आहेत. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या कांठच्या काळ्या जमिनींत रब्बीच्या दिवसांत गहूं उभा असतो. माघ महिन्यांत दंवानें भिजलेल्या अशा एखाद्या शेतांतून चालणाऱ्या माणसाच्या धोतरास पूर्वीं कधीं कधीं विटकरी रंगाची भुकटी लागे. शहरांतून आलेल्या पाहुण्यास ती धूळ वाटे. घरधनी मात्र ती पाहून गप्प होई. गव्हावर तांबेरा पडला, याची ती खूण होती.

तांबेरा ही एक बुरशी आहे. तिचे तीन प्रकार गव्हावर येतात. त्यांपैकीं पिवळा प्रकार महाराष्ट्राच्या उष्ण हवेंत टिकत नाहीं, पण खोडावरचा तांबेरा तिला मानवतो आणि तोच सर्वांत घातक. खोडाची साल फोडून त्याचे फोड बाहेर येतात, आधीं विटकरी आणि पुढें काळे. ओंबींत दूध भरण्याच्या ऐन वेळीं झाडाचा रस तो पिऊन टाकतो, आणि पंधरवड्यापूर्वीं डोळे निववणाऱ्या पिकाचे दाणे खळ्यांत सुरकुतलेले निघतात.

इ. स. १८३० च्या आसपास नर्मदेच्या खोऱ्यांत गव्हाचा असाच मोठा नाश झाला. तेथील अधिकारी स्लीमन (ठगांच्या बंदोबस्तामुळें हें नांव सर्वांस परिचित आहे) यानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्याची हकीकत दिली आहे. लोकांनीं दोष कोणाकोणास दिला पाहा: कोणी गोहत्येला, कोणी वाढत्या व्यभिचाराला, तर कोणी गव्हाशेजारीं पेरलेल्या जवसाला. जवसावरहि तांबेरा पडतो हें खरें. पण त्याची बुरशी निराळी, ती गव्हावर जगत नाहीं. तरीहि या तिघांपैकीं जवसावरचा आरोप निदान शेतांत उभें राहून केलेला होता.

रोगाचें खरें मूळ सांपडण्यास शंभर वर्षें लागलीं. ही बुरशी आपल्या आयुष्याचा कांहीं भाग बार्बेरी नांवाच्या कांटेरी झुडपावर काढते, असें डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानें १८६५ सालीं दाखविलें होतें. बार्बेरी हिमालयांतहि आहे; तेव्हां येथील रोगहि तिच्यापासूनच येत असावा, असा तर्क सहजच निघाला. आग्रा कॉलेजांतील प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं वर्षानुवर्षें संशोधन करून तो खोटा ठरविला. मैदानांतील वैशाखाच्या उन्हांत तांबेऱ्याचे कण मरून जातात. निलगिरी व पळणी या दक्षिणेकडील डोंगरांच्या थंड हवेंत मात्र तेथील गव्हावर ते वर्षभर तग धरतात आणि वाऱ्याबरोबर पुन्हां पसरतात, असा त्यांच्या १९४० सालच्या ग्रंथाचा निष्कर्ष आहे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत नागराजन व जोशी या संशोधकांनीं वाटहि शोधली. नोव्हेंबरांत बंगालच्या उपसागरांत वादळ उठलें म्हणजे त्याच्या वाऱ्यांवर हे कण थोड्या दिवसांतच मध्य भारत गांठतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर शेतांवर उतरतात.

म्हणजे जुन्नरच्या शेतकऱ्यानें आपलें शेत कितीहि निर्मळ राखलें, तरी त्याचा वैरी शेंकडों मैलांवरून आकाशमार्गानें येणार. १९४६-४७ च्या हंगामांत तो आला तेव्हां मध्य भारतांत सुमारें २० लक्ष टन गहूं बुडाला असा अंदाज आहे. आणि ते दिवस रेशनच्या दुकानापुढें रांगा लावण्याचे होते. उपाय एकच उरतो: पिकाच्या अंगांतच रोगाला तोंड देण्याची शक्ति हवी. असा गुण मेंडेलच्या नियमाप्रमाणें पिढीजात उतरतो हें केंब्रिजच्या बिफेन यांनीं १९०५ सालीं दाखवून दिलें होतें. नाशिक जिल्ह्यांत निफाड येथें १९३२ सालीं निघालेल्या संशोधन केंद्रांत पुढें केनियाच्या गव्हाशीं संकर करून नवीन वाण काढण्यांत आले. दोन्ही मातापित्यांचीं नांवें जोडून त्यांस ‘केनफाड’ म्हणण्यांत आलें. नांव कानाला विचित्र लागतें, पण प्रामाणिक आहे.

आणि तरीहि ज्या गव्हाची अंगभूत शक्ति जगानें सर्वांत अधिक वाखाणली तो कोणा केंद्रानें निर्माण केलेला नव्हता. पुणें जिल्ह्याच्या १८८५ सालच्या ग्याझेटियरांत गव्हाच्या ज्या जाती सांगितल्या आहेत, त्यांत खपली ही एक आहे. दाण्याला टरफल खपलीसारखें चिकटून बसतें. मळणी करून तें सुटत नाहीं, उखळांत कांडावें लागतें. म्हणून बाजारांत तिला बक्षी किंवा बनसी गव्हाचा मान नव्हता. सणावारीं खिरीला आणि शेवयांना ती लागे, म्हणून विहिरीच्या पाण्यावर थोडीबहुत पेरली जाई. मात्र शेजारचें शेत तांबेऱ्यानें लाल झालें तरी खपली हिरवी उभी राही.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या गव्हाचें बीं अमेरिकेस गेलें. तेथें स्टेकमन व लेव्हीन यांनीं १९२२ सालीं तांबेऱ्याच्या निरनिराळ्या उपजाती ओळखण्याची एक कसोटी तयार केली: ठराविक १२ वाणांवर बुरशी सोडावयाची, आणि कोणता वाण बळी पडतो, कोणता टिकतो, यावरून तिची जात ठरवावयाची. त्या १२ वाणांत एक खपली होती, आणि त्या वेळीं ठाऊक असलेल्या बहुतेक सर्व उपजातींपुढें ती टिकली. अशा रीतीनें एक साधा मराठी शब्द इंग्रजी लिपींत जगभरच्या प्रयोगशाळांतून फिरूं लागला. बियाणें राखणाऱ्या ज्या बायाबापड्यांमुळें हें घडलें त्यांचीं नांवें कोणीं टिपून ठेवलीं नाहींत.

तो गुण पोळीच्या गव्हांत आणणें मात्र सोपें नव्हतें. खपलीच्या पेशींत २८ रंगसूत्रें, पोळीच्या गव्हांत ४२. अशा दोघांची संतति बहुधा वांझ निघते. सिडनी विद्यापीठांतील वॉटरहाउस यांनीं चिकाटीनें त्यांतून सुफल रोपें मिळविलीं व १९३३ सालीं तें कार्य प्रसिद्ध केलें. स्टाइनवेडेल या ऑस्ट्रेलियन गव्हाशीं झालेल्या संकराचें नांव पडलें ‘खपस्टाइन’. त्यांतूनच पुढें रोगप्रतिकाराचे दोन गुणघटक ओळखले गेले. एसआर १३ व एसआर १४ अशा अंकांनीं ते शास्त्रज्ञांस परिचित आहेत.

पुष्कळ वर्षें त्यांची फारशी चर्चा झाली नाहीं. मग १९९८ सालीं युगांडांत तांबेऱ्याची एक नवी उपजात आढळली. राय या धान्यापासून आलेला जो गुणघटक जगांतील असंख्य गव्हांचें रक्षण करीत होता, तोच तिनें निष्प्रभ केला. ही ‘युजी ९९’ २००७ सालापर्यंत इराणांत पोंचली. भारतानेंहि आपले वाण पारखण्यासाठीं केनियांत नजोरो येथें धाडले; केनफाडच्या आजोळींच पुन्हां जावें लागलें म्हणावयाचें. जुनीं दप्तरें चाळतां असें दिसून आलें कीं, या नव्या शत्रूपुढें जे थोडे गुणघटक टिकतात त्यांत खपलीचा एसआर १३ आहे. २०१७ सालीं क्यालिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं त्याची नेमकी जागा व रचना उलगडली.

पुण्यांतहि खपलीवर काम झालें आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनें १९४६ सालीं स्थापिलेल्या व आतां आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें ‘एमएसीएस २९७१’ हा बुटका वाण काढला. उंच खपली पाण्यावर वाढली कीं आडवी होते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार त्यामुळें कमी झाली. आज पुण्याच्या पेठांतून खपली साध्या गव्हाहून महाग विकते. तिचें गिऱ्हाईक बहुतेक मधुमेहाच्या धास्तीनें येतें. तांबेऱ्याचें नांव कोणी काढीत नाहीं.

इकडे इथिओपियांत देब्रे झाइत येथील प्रयोगशेतांत एसआर १३ लाहि न जुमानणारी तांबेऱ्याची उपजात आढळून आली आहे, आणि तिच्यासमोर टिकणारा दाणा शोधण्याचें काम चालूं आहे.