जुन्या फोर्डची नाडीपरीक्षा

फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी तयार झाल्या. अशी जुनी मोटार हौसेने घेतली आणि चालू होईना, तर पुष्कळदा तिची रीत आपल्याला ठाऊक नसते एवढेच.

हँडल मारण्यापूर्वी स्टिअरिंगखालची डावी दांडी वर सारावी. ती खाली राहिली तर ठिणगी लवकर पडते, इंजिन उलटा झटका देते आणि मनगट मोडते. मग लाकडी पेटीतल्या चारही कॉइल एकेक करून ऐकाव्या. जी गुणगुणत नाही तिचे पॉइंट साफ करावे. पेट्रोलला पंप नाही, ते सीटखालच्या टाकीतून आपल्या वजनाने उतरते. टाकी रिकामी होत आली की चढावर इंजिन उपाशी! म्हणून लोक चढण रिव्हर्समध्ये चढत.

चालत्या गाडीत कॉइलना वीज देतो तो मॅग्नेटो. १९१३ पूर्वी एक कामगार तो वीस मिनिटांत सबंध जोडी. त्या साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या रांगेवर त्याच कामाचे २९ तुकडे पडले. (माझा धंदा मध्ये आला, क्षमा असावी.) गाडी शेतकऱ्यालाही उघडता येई, जोडणाऱ्याच्या हाती मात्र एखादाच नट उरला. माणसे टिकेनात, म्हणून १९१४ साली रोज पाच डॉलरवर गेला. युनियनला फोर्डने मान्यता दिली ती १९४१ साली, संपानंतर.